आठ हात साखळी

१

माघ लागला की सखाराम खालच्या वाडीतल्या घराला कुलूप घालायचा आणि वर बागेत राहायला जायचा. भाट्याच्या खाडीच्या वरच्या अंगाला, कातळावर, त्याची आंब्याची पन्नासेक कलमं होती. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलती मुलगी चिपळूणला दिलेली. घरी तरी कोण वाट बघणार होतं? तेव्हा हंगामाचे चार महिने खोपटात काढायचे, मदतीला गडी लवू, उजेडाला रॉकेलचा कंदील आणि राखणीला एक कुत्रं, असा त्याचा शिरस्ता होता.

हे कुत्रं स्वतःचं नसायचं. वाडीतले सगळेच बागवाले असं करत. बारा महिने कुत्र्याला भात कोण घालणार? हंगामापुरतं शेजाऱ्याचं मागून न्यायचं, वानरं हाकायला लावायचं आणि मिरगाच्या आत परत करायचं. नेम एकच होता, पण कडक. ज्याने मागून नेलं त्यानेच कुत्र्याचं दावं सोडायचं, त्यानेच ते घरी पोचवायचं आणि सोबत आंब्याची एक करंडी द्यायची. दुसऱ्या कुणी सोडलं तर कुत्रं पुन्हा घराला लागत नाही, असं म्हातारी माणसं सांगत. कुत्र्यांच्या बाबतीत वाडी एरवी काही मानत नसे, एवढं मात्र मानायची.

चौऱ्याऐंशी सालच्या हंगामात सखाराम पहिल्यांदाच कुत्र्याशिवाय वर गेला. लवूने कारण विचारलं नाही. त्याने मुकाट्याने दोन गलोली आणि फटाके आणून खोपटात ठेवले.

दोन्ही तसेच पडून राहिले. यंदा वानरं आलीच नाहीत. शेजारच्या बागेत त्यांनी मोहोराच्या फांद्या मोडून धुडगूस घातला होता, तिथला आरडाओरडा इथे ऐकू यायचा. सखारामच्या कलमांवर मात्र एक वानर उतरलं नाही. पहिले चार दिवस त्याला बरं वाटलं. देवाने एकदाचं आपल्याकडे बघितलं म्हणून त्याने संध्याकाळी उदबत्तीसुद्धा लावली.

पाचव्या दिवशी खाली पडलेल्या बाळकैऱ्या गोळा करताना त्याच्या ध्यानात आलं की एकाही कैरीला दात लागलेला नाही. खारीचा नाही, उंदराचा नाही. एक कैरी फुटून तिचा चीक सांडला होता, त्याला मुंगी लागली नव्हती. त्याने मान वर करून ऐकलं. एवढ्या मोहोरलेल्या बागेत एक पाखरू ओरडत नव्हतं.

२

आदल्या वर्षीचं कुत्रं आनंदीबाईचं होतं. खैऱ्या त्याचं नाव, रंगही तसाच, काताचा. आनंदीबाईचं घर बागेच्या दगडी गडग्याला लागूनच खालच्या बाजूला. नवरा बोटीवर खलाशी होता, तो गेला आणि मुलगा मुंबईला गोदीत लागला. तेव्हापासून त्या घरात आनंदीबाई आणि खैऱ्या अशी दोनच माणसं होती. हो, माणसंच म्हणायची. खैऱ्या जेवल्याशिवाय ती स्वतःचं पान वाढून घेत नसे.

तिने कुत्रं दिलं ते सखारामच्या भिडेखातर. सखारामची बायको गेली तेव्हा याच बाईने दोन महिने त्याला दोन वेळा जेवण आणून दिलं होतं आणि त्याचा शब्दानेही उल्लेख कधी केला नव्हता. देताना तिने एकच गोष्ट सांगितली होती.

"त्येला बांधू नका हां, भावोजी. त्येला साखळी म्हायत नाय."

सखाराम हो म्हणाला. आठ दिवस त्याने शब्द पाळलाही. पण भर दुपारी आनंदीबाई अंगणाच्या कडेला जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ताटली ठेवून "यू, यू" करायची आणि खैऱ्या बाग सोडून, गडगा ओलांडून घरी जेवायला पळायचा. वानरांनाही ती वेळ कळली. मग सखारामने वडिलांच्या होडीची जुनी साखळी काढली, आठ हात लांब, आणि मधल्या थोरल्या कलमाला खैऱ्याला बांधून टाकलं. दुसऱ्याच दिवशी आनंदीबाईला मुलाने मुंबईला नेलं, त्यामुळे तिला हे कळायचं कारणच नव्हतं.

हंगाम उतरत असताना चिपळूणहून निरोप आला की मुलगी अडली आहे. सखाराम हातातली आंबे उतरवायची घळ तशीच टाकून एसटी गाठायला धावला. जाता जाता तो लवूला एवढंच म्हणाला की सगळं आवरून खाली उतर. लवूने आवरलं. पेट्या ट्रकवर चढवल्या, खोपट बंद केलं, खैऱ्याला भात घातला, पाण्याचं भांडं भरलं. साखळीला हात लावला नाही. मागून नेलं दादाने, सोडणार दादा, उद्या-परवा येईलच, असं त्याने धरलं. तिकडे दवाखान्याच्या बाकावर बसून सखाराम धरून चालला होता की लवूने कुत्रं केव्हाच सोडलं असेल.

बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली आणि सखाराम परतला, तेव्हा सोळा दिवस झाले होते.

खैऱ्याला त्याने तिथेच कलमाखाली पुरलं. गळपट्टा काढायला त्याचा हात धजला नाही, म्हणून साखळीसकट पुरलं. साखळीचं दुसरं टोक खोडालाच राहिलं. आषाढात आनंदीबाई परत आल्यावर त्याने तिला सांगितलं की कुत्रं पळालं, बहुतेक कुठल्या कुत्रीच्या मागे गेलं असणार. आनंदीबाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, येईल. दुसऱ्या दिवसापासून तिने पुन्हा दुपारची ताटली ठेवायला सुरुवात केली.

सखारामला त्यानंतर एकच भीती होती. आपण काय केलं ते या बाईला कळू नये. जगात त्याला चांगला समजणारी तेवढीच उरली होती.

३

माघात कातळावरचं गवत वाळून पिवळं पडतं. थोरल्या कलमाभोवती मात्र हातभर रुंदीची एक पट्टी गोल फिरलेली होती, गवताची काडी नसलेली, तांबडी, गुळगुळीत. सोळा दिवस फेऱ्या घालून खैऱ्याने ती घासली होती. सखारामला ती ओळखीची होती, आणि तिच्याकडे न बघता जायची सवयही त्याने करून घेतली होती. मध्ये चार महिने पाऊस पडून गेला, तरी तिथे गवत कसं उगवलं नाही, हा विचार त्याने मनात येऊ दिला नाही.

एकदा पाण्याची कळशी घेऊन येताना त्याची चप्पल तांबड्या मातीवर घसरली. तो थबकला. इथे माती उघडी असायचं कारण नव्हतं. खोडापासून ही जागा आठ हात नव्हे, चांगली वीस हात होती. जुनी पट्टी होती तिथेच होती, पण तिच्या बाहेर आता ही दुसरी, मोठी पट्टी फिरली होती.

गुरं फिरली असतील, तो स्वतःशी म्हणाला. पण गुरं गोल फिरत नाहीत, आणि गडग्याच्या आत गुरं आलीच नव्हती. मग कातळाखाली पाणी मुरून गवत जळलं असेल. हे त्याला पटण्यासारखं वाटलं. तरी त्याने जांभ्या दगडाचा एक चिरा उचलून पट्टीच्या बाहेरच्या कडेला ठेवला.

आठ दिवसांनी चिरा पट्टीच्या आत होता. सखाराम त्याच्याजवळ उकिडवा बसला. मातीवर कसलाही ठसा नव्हता. पण हात टेकवला तर ती ऊन लागत होती. आजूबाजूची जमीन सावलीत गार होती आणि एवढीच पट्टी ऊन, कुणी नुकतंच चालून गेल्यागत. त्याने हात झटकन मागे घेतला आणि मग उगाचच पंचाला पुसला.

त्या दिवसापासून दुपारी वारा पडला की त्याला आवाज येऊ लागला. खळ्ळ, मग थोडं थांबून पुन्हा खळ्ळ. कुठून येतो ते कळत नसे. एका अंगाने यायचा, हळूहळू मागे जायचा, आणि दुसऱ्या अंगाने परत यायचा.

४

चैत्रात पट्टी खोपटाच्या मागून गेली. म्हणजे खोपट आता आत आलं.

लवूने हे बघितलं होतं. तो बोलघेवडा माणूस, भाकरी खाताना आणि बिडी ओढतानाही तोंड चालू असायचं. त्या आठवड्यात तो अगदी गप्प झाला. एका संध्याकाळी त्याने आपली वळकटी काखेत मारली.

"दादा, मी गडग्याभायेर निजतो."

"का रे?"

लवूने वळकटी दुसऱ्या काखेत घेतली. मग म्हणाला, "मी त्येला सोडला असता दादा. पन तुमी मागून आनलेलं कुत्रं. तुमच्या आदी मी कसा हात लावू?"

वर्षभरात दोघांमध्ये हा विषय पहिल्यांदा निघाला. सखारामला वाटलं, याच्यावर ओरडावं. नेम काय जिवापेक्षा मोठा होता, असं विचारावं. पण मग स्वतःलाही विचारावं लागलं असतं की सोळा दिवसांत एक पोस्टकार्ड लिहायला तुला काय झालं होतं. त्याने कंदिलाची वात सारखी केली. लवू गेला तो गडग्यापलीकडे, काजूच्या झाडाखाली निजायला लागला.

आंबा यंदा असा लागला की बघणारे थक्क झाले. डाग नाही, टोच नाही. पेट्या भरताना लवूचे हात चालत, पण तो आंबा नाकाशी नेत नसे. सखारामने एकदा एक कापून खाल्ला. गोड होता. तरी तो घशाखाली उतरेना.

वैशाख संपता संपता शेवटच्या पेट्या गेल्या आणि लवू खेडला मेव्हण्याकडे निघाला. तिकडे घर शाकारायचं होतं, मिरग झाल्यावर येईन म्हणाला. दादा एकटे राहतील याची त्याला थोडी चुटपुट लागली होती, पण आनंदीबाय हाकेच्या अंतरावर हाय, ती बघंल, असं तो स्वतःच म्हणाला आणि त्याची त्यानेच समजूत घातली.

सखारामनेही तेव्हाच खाली उतरायला हवं होतं. पण पट्टी आता गडग्याला जाऊन भिडली होती. गडग्यापलीकडे आनंदीबाईचं अंगण होतं.

५

गडगा ढासळला. आवाज न होता, बाजूचे चिरे जागच्या जागी राहून, मधला हातभर भाग तेवढा खाली बसला. त्या खिंडारातून पट्टी पलीकडे गेली होती. सखाराम तीन दिवस दुपारी खिंडारापाशी बसून खाली बघत राहिला.

आनंदीबाई माध्यान्हीला यायची, अंगणाच्या कडेला चाफ्याखाली ताटली ठेवायची, "यू, यू" करायची आणि आत जायची. दाराला पडदा होता, तो हलायचा थांबला की दुपार एकदम मुकी व्हायची. मग ताटली वाजायची. जर्मनची ताटली दगडी फरशीवर सरकते तशी, इवल्या इवल्या झटक्यांनी. चाफ्याच्या बुंध्याआड असल्याने ती सखारामला दिसत नव्हती.

तिसऱ्या दिवशी तो उठून खाली गेला. ताटलीतला भात बागेच्या बाजूने स्वच्छ चाटून खाल्लेला होता. घराच्या बाजूचा अर्धा भात जसाच्या तसा होता, शिताला शीत लागून. मधली रेघ सुरीने कापल्यागत सरळ होती.

"अर्दाच संपतो." आनंदीबाई दारात उभी होती. "पुढचा त्येला पोचत नाय."

सखारामने वर बघितलं नाही. तो म्हणाला की मांजर असेल. तिने येऊन ताटली उचलली आणि त्याच्या शेजारीच पायरीवर बसली. तिच्या मागे ओटीवर एक पत्र्याची पेटी आणि वळकटी बांधून तयार होती. मुलगा न्यायला आला होता, दुपारच्या एसटीने ती मुंबईला चालली होती. या खेपेला परत येण्याचं तिने काही सांगितलं नाही.

मग तिने विचारलं, "लय रडला काय हो तो?"

सखारामने वर्षभर जपलेलं सगळं त्या एका प्रश्नात वाहून गेलं. त्याने सांगितलं. साखळी, चिपळूण, लवू, सोळा दिवस. खोटं बोललो तेही सांगितलं. सांगताना त्याला हुंदका फुटला आणि तो त्याने आवरला नाही. रडला की नाही ते मला माहीत नाही, म्हणाला, मी तिथे नव्हतो.

आनंदीबाईने त्याला शिव्या दिल्या नाहीत. तिने दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. ती ताटलीतल्या भाताकडे बघत होती.

"आता सोडा त्येला," ती म्हणाली. "मी जायच्या आत सोडा. तुमी बांदलात, तुमालाच सोडाय होवं."

सखाराम उठला. तो वळताना ती मागून म्हणाली, "जेवनाखान्याची आबाळ करू नका. लवू हायच तुमचं बगायला." आयुष्यभराची सवय, तिने ती आताही सोडली नाही. लवू खेडला गेलाय, हे सखारामच्या ओठांवर आलं होतं, पण त्या क्षणी ते सांगण्याजोगं वाटलं नाही.

६

थोरल्या कलमाखाली दुपारची सावली गोल पडली होती. साखळीचं टोक खोडाला होतं, तिथून ती जमिनीत जात होती. सखारामला वाटलं होतं, गंजून मोडली असेल. पण कड्या लख्ख होत्या.

त्याने साखळी धरून ओढली. माती सुटली आणि दोन हात वर आली. पुढे ती खड्ड्यात उतरायला हवी होती. ती खड्ड्यात जात नव्हती. मातीच्या पातळ थराखालून ती सरळ निघाली होती, उताराला, गडग्याच्या दिशेने. तो ओढत गेला आणि ती वर येत गेली. आठ हात झाले, सोळा झाले, मग त्याने मोजणं सोडून दिलं. शेवटी ती उचलली जाईना. खोडापासून गडग्याच्या खिंडारापर्यंत साखळी ताणून उभी राहिली, जमिनीपासून वीतभर वर. पलीकडचं टोक चाफ्याआड गेलं होतं.

ती थरथरत होती. कुणीतरी तिकडे पुढे झुकून जोर लावत होतं, थांबत होतं आणि पुन्हा लावत होतं.

सखारामला पळावंसं वाटलं, पण आता इतकं सांगून झाल्यावर पळणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. तो खोडापाशी गुडघे टेकून बसला आणि कडी चाचपू लागला. कडी त्याने स्वतः अडकवलेली, तिचा पीळ त्याच्या हाताला आठवत होता. ताणामुळे ती निघत नव्हती. "जरा मागे ये बाबा," तो म्हणाला. हे आपण कुणाला म्हणतोय याचा विचार त्याने केला नाही.

साखळी सैल झाली.

कडी निघाली. टोक त्याच्या हातातून सटकलं आणि सगळी साखळी उतारावरून खळाळत निघून गेली, गवतातून, खिंडारातून, पलीकडे. मग बारीक, भरभर पावलं वाजली. खिंडाराच्या कडेवर काताच्या रंगाचं काहीतरी क्षणभर दिसलं, एक पाठ, एक वर धरलेलं शेपूट, आणि पलीकडे उतरलं.

खाली ताटली वाजली. या खेपेला ती एकसारखी वाजत राहिली, पार शेवटच्या शितापर्यंत. मग आनंदीबाईचा आवाज आला, अगदी हलका.

"आलास रे बाबा?"

सखारामने दोन्ही हातांत तोंड लपवलं. त्याला वाटलं, सुटलो.

७

थोड्या वेळाने तो उठला. आता खाली जायचं, तिला निरोप द्यायचा, आपल्या घराचं कुलूप काढायचं. मिरगाच्या आत घरी, असं मनाशी म्हणत तो उताराला लागला.

खोडापासून आठ हातांवर तो थांबला.

त्याला थांबायचं नव्हतं. गळ्याशी काहीतरी आलं आणि पाय आपोआप मागे आले. उन्हाने भोवळ आली असेल, त्याने मनाशी म्हटलं. सकाळपासून पोटात काही नाही. त्याने गळ्यावरून हात फिरवला. गळ्याला काहीच नव्हतं. कातडी तेवढी चुरचुरत होती. तो डावीकडे वळून चार पावलं गेला आणि पुढे जाऊन बघितलं. तिथेही तसंच. मग आणखी डावीकडे. खोपट समोर होतं, त्याच्या दारात पाण्याची कळशी दिसत होती. तिच्यापर्यंत त्याचा हात पोचला नाही.

खाली दाराला कडी लागल्याचा आवाज झाला. मग कुलपाचा. मुलगा काहीतरी घाईने बोलत होता. आनंदीबाईची पावलं पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून उतरू लागली, आणि त्या पावलांच्या मागे आणखी चार पावलं, हलकी, न अडखळणारी.

हाक मारली तर ऐकू जाईल इतकी ती अजून जवळ होती. लवू खेडला. लवूला वाटतंय आनंदीबाई आहे. आनंदीबाईला वाटतंय लवू आहे. चिपळूणला मुलीला वाटतंय बाबा बागेत आहेत, मिरगानंतर येतील. सखारामने हे सगळं एकदा नीट मनात लावून बघितलं. त्याला ते कुठेतरी आधी बघितल्यासारखं वाटलं.

त्याने हाक मारायला तोंड उघडलं. पण आपल्या तोंडून कुठला आवाज येईल याची त्याला एकाएकी खात्री वाटेना, आणि त्याने ते मिटलं.

खाली सडकेवर एसटीचा हॉर्न वाजला. गाडी थांबली, माणसं चढली, गाडी गेली. तिचा आवाज भाट्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होता, मग तोही गेला. बाजूच्या कलमावर एक वानर येऊन बसलं. यंदाचं पहिलंच. त्याने खाली सखारामकडे बघितलं, फांदीवरचा राहिलेला आंबा तोडला आणि निवांत खायला सुरुवात केली.

सखाराम बराच वेळ तसाच उभा होता. मग एका जागी उभं राहवेना, म्हणून तो चालू लागला. खोडाभोवती जुनी, पहिली पट्टी होती. त्याची पावलं तिच्यात बरोबर बसत होती.